कोकणात नवे आहात? लाइट गेल्यावर बातमी कशी मिळवायची

बदली होऊन चिपळूणला आलेले शिक्षक, गुहागरच्या बँकेत रुजू झालेली मुलगी, निवृत्तीनंतर दापोलीजवळ घर बांधलेलं जोडपं, होमस्टे चालवायला घेतलेले तरुण. कोकणातला पहिला मोठा पावसाळा या सगळ्यांना एकाच अडचणीत आणतो. लाइट गेलेली असते, फोनला रेंज नसते, बाहेर पाऊस कोसळत असतो आणि नक्की काय चाललंय ते कळायला मार्ग नसतो. टॉर्च, मेणबत्त्या, पिण्याचं पाणी, सुका खाऊ यांबद्दल शेजारीपाजारी आपणहून सांगतात. बातमीची सोय कशी करायची, हे मात्र सहसा कुणी सांगत नाही, कारण गावातल्या माणसाला ते वेगळं शिकावंच लागलेलं नसतं. नव्याने आलेल्याला ते शिकावं लागतं, आणि लाइट असतानाच शिकावं लागतं. हा लेख त्यासाठी.

लाइट गेली की माहितीचे मार्ग साधारण ठरलेल्या क्रमाने बंद होतात. टीव्ही आणि वायफाय लगेच जातात. इन्व्हर्टर असेल तर तेवढे काही तास मिळतात. पुढे मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या उतरायला लागतात. टॉवरला जनरेटर असला तरी रस्त्यात झाड पडलं की डिझेल पोचत नाही आणि तोही थांबतो. इंटरनेट आधी रडतं, मग कॉल लागेनासे होतात, एसएमएस त्यानंतरही थोडा वेळ जातात. शेवटी उरतो रेडिओ, आणि उरतात माणसं. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० च्या दुपारी रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा श्रीवर्धन, म्हसळा, मंडणगड, दापोली या भागांत हा सगळा क्रम एका दिवसात पुरा झाला. काही वाड्यांत लाइट परत यायला कित्येक आठवडे लागले. असं दर वर्षी होत नाही, पण तयारी त्या मापाची हवी.

१. आपली लाइट कुठून येते ते विचारून ठेवा

हे काम पहिल्या आठवड्यात उरका. ३३ केव्हीची (म्हणजे ३३ हजार व्होल्टची) लाइन सबस्टेशनला येते, तिथून ११ केव्हीचे फीडर निघतात, फीडरवरून वाडीच्या डीपीला, म्हणजे ट्रान्सफॉर्मरला, पुरवठा जातो आणि डीपीतून खांबांवरून आपल्या घरी येतो. तुमचं सबस्टेशन कोणतं, फीडरचं नाव काय, डीपी कुठे आहे आणि भागाचा वायरमन कोण, या चार गोष्टी कागदावर लिहा. घरमालकाला किंवा दुकानदाराला विचारलंत तर पाच मिनिटांत कळतात.

याचा उपयोग लाइट गेल्यावर कळतो. आधी आपलाच एमसीबी, म्हणजे घरातल्या बोर्डावरचा आपोआप पडणारा स्विच, पडलाय का ते बघा. मग शेजारच्या घरात आहे का, समोरच्या वाडीत आहे का, लांब दिसणाऱ्या गावात दिवे आहेत का, ते पाहा. फक्त तुमच्याकडे नसेल तर बिघाड घरात किंवा खांबावरच्या जोडात असतो. वाडीभर नसेल तर डीपीचा फ्यूज गेला असण्याची शक्यता मोठी. चार गावं काळोखात असतील तर ११ केव्हीचा फीडर गेला, आणि बाजारपेठही अंधारात असेल तर ३३ केव्ही किंवा त्याच्याही वरचं काही. डीपीचा फ्यूज काही तासांचं काम असतं. जंगलातून जाणाऱ्या ११ केव्हीच्या लाइनीवर झाड पडलं असेल तर लाइनीवरून चालत जाऊन ते शोधण्यातच दिवस जातो. वादळात ३३ केव्हीचे खांब आडवे झाले असतील तर दिवसांचा हिशोब धरा. म्हणून वायरमनला ‘लाइट कधी येणार?’ असं विचारण्यापेक्षा ‘फॉल्ट कुठे आहे, अकरावर की तेहतीसवर?’ असं विचारा. पहिल्या प्रश्नाचं उत्तर त्यालाही माहीत नसतं. दुसऱ्याचं बहुतेक वेळा असतं, आणि त्यावरून फ्रिजमधले मासे आजच शिजवायचे की नाही हे तुम्हाला ठरवता येतं.

पुराच्या वेळी आणखी एक शक्यता असते. पाणी चढायला लागलं की अपघात टाळण्यासाठी पुरवठा मुद्दाम बंद केला जातो. अशा वेळी पाणी उतरून यंत्रं तपासून होईपर्यंत लाइट येत नाही, आणि तक्रारींनी ती लवकर येणारही नसते.

तक्रार मात्र नोंदवाच. महावितरणसाठी १९१२ हा क्रमांक आहे, शिवाय १८००-२१२-३४३५ आणि १८००-२३३-३४३५ हे टोल फ्री आहेत. तुमचा मोबाइल ग्राहक क्रमांकाशी जोडलेला असेल तर बंद पुरवठ्याचे आणि दुरुस्तीचे एसएमएस येतात, आणि तक्रार नोंदवणंही सोपं होतं. भाड्याच्या घरात बिलावर बहुधा जुन्या भाडेकरूचा किंवा मुंबईत राहणाऱ्या मालकाचा नंबर असतो, ते आधी तपासा. बारा आकडी ग्राहक क्रमांक फोनमध्ये ठेवाच, पण कागदावरही ठेवा.

वाडीतून एकाने फोन करायचा, हे ठरवून घ्या. वीस जणांनी त्याच वायरमनला वीस फोन केले तर भर पावसात खांबावर चढलेल्या माणसाचा खिशातला फोन वाजत राहतो. दादा, भाऊ, काका, जे शोभेल ते म्हणून एकदाच आणि नीट सांगा: कोणता डीपी, किती वाजल्यापासून, कुठे ठिणगी किंवा तुटलेली तार दिसली का. तार पडलेली असेल तर तिथे कुणाला तरी लांब उभं करा आणि कुणालाही, गुरांनासुद्धा, जवळ जाऊ देऊ नका. लाइट नाही म्हणजे तार मेली असं समजू नका.

इथेच एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. घरी जनरेटर आणलात तर तो चेंजओव्हर स्विचशिवाय (एका वेळी जनरेटर किंवा बाहेरची लाइन, यांतलं एकच जोडणारा स्विच) घराच्या बोर्डाला जोडू नका. उलटी गेलेली वीज डीपीतून चढून ११ केव्हीच्या लाइनीत जाते, आणि लाइन बंद आहे असं समजून काम करणाऱ्या लाइनमनचा जीव घेते.

२. फोन जपून वापरायचा

रेंज कमी असली की फोन सारखा टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच जाते. म्हणून फ्लाइट मोड लावा आणि ठरावीक वेळी, समजा दर दोन तासांनी दहा मिनिटं, काढा. घरात दोन फोन असतील तर एक पूर्ण बंद ठेवा. पॉवर बँकेवर १०,००० एमएएच लिहिलेलं असतं, पण प्रत्यक्षात त्यातलं साठ-पासष्ट टक्के फोनपर्यंत पोचतं. म्हणजे आजचा साधारण फोन एकदा पूर्ण भरतो आणि वर थोडं उरतं. चौघांच्या घराला एक पॉवर बँक पुरत नाही.

दुसऱ्या कंपनीचं एक सिम घरात असावं. कोणत्या कंपनीची रेंज टिकते हे गावागणिक बदलतं. आतल्या काही भागांत अजून बीएसएनएलच लागतं. जाहिरात बघून ठरवू नका, शेजाऱ्याला विचारा. मोठ्या आपत्तीत सरकार कंपन्यांना एकमेकांचे टॉवर वापरू देण्याची सोय सुरू करायला लावतं. ऑक्टोबर २०२४ मध्ये दाना चक्रीवादळाच्या वेळी ओडिशात ही सोय केली होती. आपल्या कंपनीचा टॉवर पडला असेल तर फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन नेटवर्क आपोआप निवडण्यावर ठेवा. तरी लागलं नाही तर यादी उघडून दुसऱ्या कंपनीचं नाव हाताने निवडून बघा. बऱ्याच जणांना ही सेटिंग कुठे असते हेच माहीत नसतं, आजच शोधून ठेवा.

कॉल लागत नसेल तर पुन्हापुन्हा लावत बसू नका, एसएमएस करा. त्याला अगदी थोडी जागा लागते आणि क्षणभर रेंज आली तरी तो निघून जातो.

घरी फायबरचं इंटरनेट असेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस घ्या. केबलवाल्याच्या टोकाला वीज असेपर्यंत तुमचं वायफाय चालतं, आणि मोबाइलची रेंज गेल्यावरही व्हॉट्सॲप सुरू राहतं. खर्चाच्या मानाने ही सोय फार मोलाची आहे. गाडीतून फोन चार्ज करता येतो, पण बंद शेडमध्ये इंजिन सुरू ठेवून कधीही नाही. तो धूर वास न येताही माणसाला मारतो.

आणि नंबर कागदावर. फोन बंद पडला की आपल्याला नवऱ्याचा किंवा बायकोचासुद्धा नंबर पाठ नसतो. दाराच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवा, प्लॅस्टिकमध्ये घालून, कारण कोकणात कागद भिंतीवर एक पावसाळा टिकत नाही.

३. रेडिओ घ्या, आणि स्टेशन आज शोधून ठेवा

सेलवर चालणारा साधा रेडिओ, ज्यात एफएमबरोबर मिडियम वेव्हसुद्धा आहे, घरात असलाच पाहिजे. एफएम डोंगरामागे अडतं, मिडियम वेव्ह लांबवर जातं आणि रात्री त्याहून लांब. वाडीची लाइट गेलेली असली की एलईडी दिवे, चार्जर, इन्व्हर्टर यांची खरखर बंद होते आणि मिडियम वेव्ह एरवीपेक्षा स्वच्छ ऐकू येतं. आकाशवाणी रत्नागिरी, मुंबई, आणि दक्षिणेकडे राहत असाल तर पणजी, यांपैकी तुमच्या घराच्या कोणत्या कोपऱ्यात काय लागतं ते आज फिरवून बघा आणि काट्याची जागा सेटवरच मार्करने खुणा करून ठेवा. पुण्याहून सकाळी सातच्या सुमारास लागणाऱ्या प्रादेशिक बातम्या ऐकायची सवय लावून घ्या. संकटाच्या दिवशी कान आपोआप त्या वेळी तिकडे जातात.

सेल रेडिओत घालून ठेवू नका, गळतात आणि सेट खराब होतो. सोबत पुडीत ठेवा. मोबाइलमधला एफएम रेडिओ चालायला तारेचे इअरफोन लागतात, कारण ती तारच एरियलचं काम करते. घरात जुने असतील तर फेकू नका.

४. हवामानाचा इशारा वाचायला शिका

भारतीय हवामान विभाग हिरवा, पिवळा, केशरी आणि लाल असे चार रंग वापरतो. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, केशरी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हालचाल करा. रंगामागचे आकडेही माहीत असू द्या. चोवीस तासांत ६४.५ ते ११५.५ मिलिमीटर म्हणजे मुसळधार, ११५.६ ते २०४.४ म्हणजे अतिमुसळधार, आणि त्याच्यावर अत्यंत मुसळधार. हे चोवीस तास सकाळी साडेआठ ते दुसऱ्या दिवशी साडेआठ असे मोजतात. ‘काल दोनशे मिलिमीटर पडला’ असं कळलं तर तो आज सकाळी साडेआठपर्यंतचा असतो, त्यानंतर पडलेला त्यात धरलेला नसतो.

इशारा जिल्ह्याला दिलेला असतो. रत्नागिरी जिल्ह्यात किनारा आहे आणि सह्याद्रीचा पायथाही आहे. एकाच दिवशी दोन्हीकडे पाऊस सारखा नसतो. म्हणून स्वतः मोजा. सरळ उभ्या कडांचा स्टीलचा डबा अंगणात मोकळ्या जागी, पागोळ्यांपासून लांब ठेवा आणि आत पट्टी बुडवून उंची बघा. तेवढा पाऊस तुमच्या दारात पडला. तीन-चार तासांत डब्यात शंभर मिलिमीटर जमले तर कुणाच्या इशाऱ्याची वाट न बघता पर्ह्याकाठच्या (ओढ्याकाठच्या) आणि डोंगरउताराखालच्या घरांना सावध करा. या मापाला ना वीज लागते ना रेंज.

फोन चालू असेपर्यंत तीन ॲप कामाची आहेत. ‘मौसम’ हवामान विभागाचं. त्यातला पुढच्या तीन तासांचा अंदाज सगळ्यांत उपयोगी. ‘दामिनी’ पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं, जवळपास वीज पडण्याचा धोका असेल तर सांगतं. ‘सचेत’ राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचं. २०२३ मध्ये सगळ्यांचे फोन अचानक मोठ्याने वाजले होते आणि पडद्यावर चाचणीचा संदेश आला होता, ते सरकारच्या थेट इशाऱ्याच्या यंत्रणेचं काम. तो आवाज फोनच्या सेटिंगमध्ये बंद केला असेल तर आजच सुरू करा. आणि एवढं करूनही रेंज गेली की यांतलं काही चालत नाही, म्हणून वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजा आणि तीनने भागा, तेवढ्या किलोमीटरवर ती पडली.

बंदराजवळ राहत असाल तर बावटा, म्हणजे बंदरावर लावलेली वादळाच्या इशाऱ्याची खूण, विचारा. ‘बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलाय’ हे वाक्य मासेमारी करणाऱ्या वस्तीत पावसाळाभर कानावर पडतं. समुद्र खवळणार, वारा येणार, होड्या बाहेर काढू नका, असा त्याचा अर्थ. कोळीवाड्यातली माणसं होड्या वर ओढायला लागली की बावटा न बघताही काय ते समजून घ्यावं.

५. नदी, भरती आणि डोंगर

चिपळूण आणि खेडमध्ये घर घेताना विचारायचा पहिला प्रश्न: २००५ ला पाणी कुठपर्यंत आलं होतं, आणि २०२१ ला? २२ जुलै २०२१ चा पूर पहाटे चढला आणि चिपळूणच्या बाजारपेठेत लोकांना सामान उचलायलाही वेळ मिळाला नाही. तो दिवस बघितलेली माणसं तुमच्या भिंतीवर हात ठेवून खूण दाखवतील. ती खूण पेन्सिलने ओढून ठेवा. पाटबंधारे खात्याच्या नकाशात निळी आणि लाल पूररेषा असते: निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या. आपलं घर त्यांच्या अलीकडे की पलीकडे हे नगरपरिषदेत विचारता येतं.

चिपळूणला वाशिष्ठीची आणि खेडला जगबुडीची इशारा पातळी ५ मीटर आणि धोका पातळी ७ मीटर धरतात. बातमीत नुसतं ‘जगबुडी सहा मीटरवर’ आलं तर ते इशाऱ्याच्या वर आणि धोक्याच्या खाली, एवढं लगेच कळायला हवं. त्यापेक्षाही महत्त्वाचं म्हणजे पाणी चढतंय की उतरतंय. तासाभरापूर्वी किती होतं, हे प्रत्येक वेळी विचारा. पालिकेचा भोंगा वाजला की त्याचा अर्थ काय, किती वेळ वाजतो, हे पावसाळ्याआधी विचारून घ्या. रात्री तीन वाजता अर्थ शोधत बसायला नको.

वाशिष्ठी पुढे दाभोळच्या खाडीला मिळते. वरून पावसाचं पाणी, कोयनेच्या वीजनिर्मितीनंतर कोळकेवाडीकडून येणारं पाणी, आणि खालून भरती, ही तिन्ही एका वेळी आली की शहरातलं पाणी उतरत नाही. म्हणून भरतीची वेळ माहीत हवी, आणि ती इंटरनेटशिवाय काढता येते. किनाऱ्यावरचा जुना हिशोब असा: तिथीचा आकडा घ्यायचा आणि त्याची पाऊणपट करायची, ती भरतीची ढोबळ वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या सुमारास, पौर्णिमा-अमावास्येला बाराच्या आसपास. दोन्ही पक्षांना हाच हिशोब, आणि पुढची भरती साधारण साडेबारा तासांनी. खाडीत आत पाणी यायला आणखी वेळ लागतो, तो तुमच्या गावच्या माणसाला विचारा. पौर्णिमा-अमावास्येच्या आजूबाजूला उधाण मोठं असतं. भिंतीवर मराठी कॅलेंडर असेल तर काळोखातही हे कळतं.

डोंगरउताराखालच्या घरांना बातमी डोंगरच देतो, आणि ती दुसऱ्या कुणाकडूनही वेळेवर मिळत नाही. महाड तालुक्यातल्या तळियेत २२ जुलै २०२१ ला दरड कोसळली, ऐंशीहून अधिक माणसं गेली, आणि महाड पुरात असल्यामुळे मदत लगेच पोचू शकली नाही. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली, तिथवर गाडीरस्ताच नव्हता. म्हणून खुणा ओळखायला शिका. जमिनीत किंवा भिंतीत नवी भेग, झाडं किंवा विजेचे खांब कलणं, दारं-खिडक्या एकाएकी अडकायला लागणं, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ होणं किंवा आटणं, नव्या जागी पाणी फुटणं, डोंगरातून घरघर ऐकू येणं. यांतलं काहीही दिसलं तर खात्री करत बसू नका. म्हातारी माणसं आणि मुलं घेऊन आधी बाजूला व्हा, उताराच्या आडव्या दिशेने, आणि मग फोन करा.

६. कुणाला विचारायचं

गावात पोलीस पाटील कोण ते पहिल्या महिन्यात जाऊन भेटा. सरपंच, तलाठी (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), ग्रामसेवक, कोतवाल, आशाताई यांना तुमचं घर माहीत असू द्या. घरात आजारी माणूस असेल, ऑक्सिजनचं मशीन असेल, इन्सुलिन लागत असेल, तर ते आशाताईंना आधीच सांगून ठेवा. पूर आल्यावर यादी बनवायला कुणाला वेळ नसतो.

क्रमांक हे: पोलीस, आग, कोणतीही तातडी यांसाठी ११२. रुग्णवाहिकेला १०८. जिल्हा नियंत्रण कक्ष १०७७, मोबाइलवरून आधी जिल्ह्याचा एसटीडी कोड लावायचा (रत्नागिरी ०२३५२, रायगड ०२१४१, सिंधुदुर्ग ०२३६२). राज्याचा नियंत्रण कक्ष १०७०. तहसील कार्यालयातही पावसाळ्यात कक्ष चालू असतो. तिथला साधा फोन नंबर मिळवून ठेवा, कारण तालुक्याची नेमकी माहिती तिथे आधी येते.

रस्त्याची खबर हवी असेल तर एसटीच्या आगारात विचारा. कुंभार्लीतून कराडची गाडी आली का, परशुराम घाट सुरू आहे का, आंबा घाटात काय, हे वाहतूक नियंत्रकाला कळतं, कारण त्याची गाडी एकतर परत आलेली असते किंवा अडकलेली असते. ‘घाट बंद आहे म्हणे’ या निरोपापेक्षा ‘सहाची गाडी आली’ हे उत्तर माझ्या मते शंभरपटीने खरं.

आणि तुमचा मुंबईकर किंवा पुणेकर. कोकणातल्या बहुतेक घरांचं एक माणूस तिकडे असतंच, नव्याने आलेल्यांचं तर सगळं गणगोतच बाहेर असतं. त्यांच्याकडे वीज आहे, टीव्ही आहे, रडारचं चित्र उघडायला इंटरनेट आहे. घरातल्या एकाला हे काम नेमून द्या. तुम्ही सकाळ-संध्याकाळ त्याला एक एसएमएस करायचा, त्याने बाकीच्या सगळ्या नातेवाइकांना कळवायचं आणि तुम्हाला उलट एका एसएमएसमध्ये पाऊस, रस्ते आणि धरणाची खबर द्यायची. नाहीतर आत्या, मामा, मेहुणे सगळे तुम्हालाच फोन लावतात आणि उरलेली बॅटरी ‘आम्ही ठीक आहोत’ सांगण्यात संपते.

तुमचा निरोप कसा असावा? वेळ, जागा, काय दिसतंय, माणसं किती, काय हवं. उदाहरणार्थ: ‘सकाळी ७.४०. वरची वाडी. साकव पाण्याखाली, डोंगराकडची वाट सुरू. २३ जण शाळेत, सगळे बरे. एका आजींना इन्सुलिन हवं.’ यातला प्रत्येक शब्द मदत पाठवणाऱ्याच्या कामाचा आहे. ‘परिस्थिती फार भीषण आहे, लवकर या’ यातला एकही नाही.

७. ऐकलेलं खरं की खोटं

व्हॉट्सॲपवर पावसाळ्यात जुने व्हिडिओ फिरतात, दुसऱ्या राज्यातले पूर आपल्या नदीचे म्हणून येतात. प्रत्येक निरोपाला तीन प्रश्न विचारा: कुणी स्वतः पाहिलं, कुठे, किती वाजता. तीनपैकी एकाचंही उत्तर नसेल तर पुढे पाठवू नका.

पण एका बाबतीत मी वेगळं सांगेन. धरण, दरड, चढणारं पाणी यांची खबर असेल तर आधी उठा, मग शहानिशा करा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं, आणि खालच्या वाडीतली माणसं घरात होती. ‘धरण फुटलं’ ही बातमी दहापैकी नऊ वेळा अफवा निघेल. तरीही दहाही वेळा उंचावर जाऊन बसावं, कारण त्यात जास्तीत जास्त एक रात्र भिजण्यात जाते. याउलट कुणाला दोष देणारी, कुठल्या समाजाबद्दलची, मदत लुटली-वाटली असली खबर असेल, तर ती कितीही तातडीची वाटली तरी थांबवा. तिच्यामुळे कुणाचा जीव वाचत नाही.

मोठ्या घटनेत गावात एक जागा बातमीची म्हणून ठरवा. देऊळ, शाळा, रेशन दुकान. तिथे पाटीवर खडूने लिहायचं: वेळ, खबर, कुणाकडून आली. सकाळी आठ आणि संध्याकाळी पाच, अशा दोन वेळा लोक जमतील. ज्यांच्याकडे फोन नाही, ज्यांना नीट ऐकू येत नाही किंवा जे घराबाहेर पडू शकत नाहीत, त्यांच्याकडे निरोप घेऊन कोण जाणार हेही त्याच पाटीवर लिहा. तरुण मुलं हे काम आनंदाने करतात, फक्त त्यांना कुणीतरी सांगावं लागतं.

८. लाइट आल्यावर

एका बल्बचं बटण सुरू ठेवा म्हणजे लाइट आल्याचं कळेल. बाकी सगळं, विशेषतः फ्रिज, पंप आणि टीव्ही, बंद ठेवा. बल्ब फार मंद किंवा फार भगभगीत जळत असेल तर मेन स्विच पाडा आणि वायरमनला सांगा. न्यूट्रल सुटलेला असू शकतो आणि त्यात घरातली यंत्रं जळतात. पाण्यात बुडालेल्या घरात मीटर, बोर्ड आणि वायरिंग जाणत्या इलेक्ट्रिशियनने तपासल्याशिवाय काहीही सुरू करू नका.

पहिली आलेली लाइट पुष्कळदा तासाभरात पुन्हा जाते. तेवढ्यात फोन, पॉवर बँक, टॉर्च आणि इन्व्हर्टर चार्जिंगला लावा, टाकीत पाणी चढवून घ्या, आणि मुंबईकराला निरोप पाठवा. मग बाहेर येऊन बघा, वाडीतल्या कोणत्या घरात अजून अंधार आहे. फीडर सुरू झाला की कागदोपत्री गाव सुरू झालेलं असतं आणि टोकाच्या दोन घरांची तुटलेली वायर कुणाच्याच यादीत नसते. त्या घरांचे ग्राहक क्रमांक घेऊन त्यांची तक्रार १९१२ वर तुम्हीच नोंदवा.